बी आणि कलम : कोकणातल्या पिकांची उत्क्रांती आणि विविधता, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरगाच्या आधी एखाद्या रविवारी आमच्या पडवीत बियाण्यांची देवघेव होते. कोणी चिबडाचं बी आणतं, कोणी कुळीथ, कोणी जुन्या भाताचं शेरभर बियाणं. चहा होईपर्यंत गप्पा, आणि गप्पांत दर वर्षी तेच प्रश्न. उत्तरं तोंडी देऊन देऊन पाठ झाली, म्हणून आता लिहून ठेवतो आहे. क्रम मात्र प्रश्न जसे आले तसाच.

भात आधी रानगवत होतं म्हणतात. मग ते पीक कसं झालं?

पाऊस सरता सरता एखाद्या तळ्याच्या काठाला किंवा पाणी साचलेल्या चरीजवळ जा. तिथं भातासारखंच दिसणारं, लांब कुसांचं रानभात सापडेल. काही जण त्याला देवभात म्हणतात. लोंबी अजून अर्धी हिरवी असते. तेवढ्यात तिला नुसतं बोट लावलं की पिकलेले दाणे टपटप पाण्यात पडतात. घरी न्यायला हातात कुसळंच उरतात. आता आपलं भात आठवा. कापायचं, भारे बांधायचे, खळ्यावर आणायचं, फळीवर आपटायचं, तरी चार दाणे पेंढ्याला धरून बसलेले असतात.

रानातल्या झाडाला दाणा वेळेवर गाळणं गरजेचं असतं, नाहीतर वंश पुढे जाणार नाही. आपल्याला नेमकं उलटं हवं. दाणा देठाला जिथं जोडलेला असतो तिथं सुटण्यासाठी पेशींचा एक थर तयार होतो. एसएच-४ नावाच्या जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललं आणि हा थर नीट तयार होईना, हे २००६ साली उलगडलं. दाणा न गळण्यामागे हे एकच जनुक नाही, पण मोठा वाटा त्याचा. शिवाय रानभाताचं बी एकदम रुजत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, असं हप्त्याहप्त्यानं उगवतं. आपला तरवा, म्हणजे लावणीसाठी पेरलेली रोपं, सगळा एकाच आठवड्यात वर येतो. कुसं आखूड होणं, दाणा भरदार होणं, आडवं पसरणारं झाड उभं होणं, हे सगळं त्याच गाठोड्यातलं. असं झाड माणसाशिवाय फार दिवस टिकत नाही. आणि भाताशिवाय आपण? चार दिवस घाटावर भाकरीवर काढून आलेला कोकणी माणूस घरी आल्यावर आधी काय मागतो ते पाहा.

म्हणजे आपल्या वाडवडिलांनी मुद्दाम तसं भात निवडलं?

सुरुवातीला नाही. विळ्यानं कापून घरी आणलं की जे दाणे वाटेत गळले ते शिवारातच राहिले आणि जे चिकटून राहिले ते घरी आले. पुढच्या वर्षी पेरलं गेलं ते घरी आलेलं. निवड झाली, पण निवड करतोय असं कोणाच्या मनातही नसेल.

हे किती सावकाश झालं याचा एक सुरेख पुरावा चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ तिआनलुओशान इथं मिळाला. तिथल्या उत्खननात भाताच्या दाण्यांचे हजारो बुडखे तपासले. दाणा आपोआप गळला की बुडखा गुळगुळीत राहतो, ओढून तोडला की खरबरीत. सुमारे ६९०० वर्षांपूर्वीच्या थरात न गळणारे २७ टक्के होते, ६६०० वर्षांपूर्वीच्या थरात ३९. या बारा टक्क्यांना तीनशे वर्षं लागली. बारा-पंधरा पिढ्या, आजोबाला आणि नातवाला फरक कळलाही नसेल.

आणि ही नकळत निवड आजही थांबलेली नाही. बेणणी (निंदणी) करताना जे गवत भातासारखं दिसतं ते हातातून निसटतं. वर्षानुवर्षं तेच निसटत राहिलं, म्हणून भातातली काही तणं लोंबी येईपर्यंत ओळखूच येत नाहीत. भाताची नक्कल करायला त्यांना आपणच शिकवलं आहे.

भात मूळचं आपलं की चीनचं?

भाताचे दोन मोठे गट, जपोनिका आणि इंडिका. जपोनिका गटाचं भात यांगत्सेच्या खोऱ्यात माणसाळलं, हे आता पक्कं आहे. आपण खातो तो बहुतेक तांदूळ इंडिका गटातला. गंगेच्या खोऱ्यात लोक रानभात गोळा करत होते, थोडंफार लावतही होते. पुढे पूर्वेकडून आलेल्या जपोनिकाशी त्याचा संकर झाला आणि न गळण्यासारखे गुण त्यात उतरले. थोडक्यात, आई इथली म्हणा, गुणांची शिदोरी दोन्हीकडची. यावरून कोणाचा अभिमान दुखावण्याचं कारण नाही.

लाल तांदूळ पांढऱ्यापेक्षा जुना असतो का?

हो, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. रानभाताचा दाणा सोलला की लाल. टरफलाखालच्या पातळ थरात हा रंग असतो आणि तो आरसी नावाच्या जनुकामुळे येतो. कधीतरी एका झाडात या जनुकातली डीएनएची १४ अक्षरं गळून पडली आणि रंग तयार होईनासा झाला. दाणा पांढरा दिसू लागला, लोकांना आवडला. आज जगात जो पांढरा तांदूळ खाल्ला जातो त्यातल्या बहुतेकांत हीच १४ अक्षरांची गळती आहे. एका झाडात झालेली चूक लोकांच्या आवडीमुळे जगभर पसरली. सिंधुदुर्गात पेजेला लागणारा वालय, मुणगा, जुनी पटणी यांच्या लाल दाण्यांत मात्र रंग तयार करणारं जनुक चालू आहे.

यात एक बारकावा आहे, बियाणं राखणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा. लाल थर हा आईच्या झाडाचा भाग, आतल्या गर्भाचा नव्हे. पांढऱ्या भाताच्या फुलावर लाल भाताचा पराग पडला तरी त्या वर्षीचा दाणा पांढराच दिसतो. तो पेरून आलेल्या झाडाला मात्र लाल दाणे धरतात, कारण लाल गुण प्रभावी. म्हणून "गेल्या वर्षी बियाणं निवडून घेतलं होतं, यंदा लाल कुठून आलं?" असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा खळ्यावर किंवा गिरणीत भेसळ झालेली असते. पण कधीकधी असंही असतं.

हळवं, निमगरवं, गरवं ही जातींची नावं आहेत का?

नाही, मुदतीची: हळवं लवकर पिकतं, गरवं उशिरा, निमगरवं मधलं. तरीही विविधता म्हणजे काय हे मला या तीन शब्दांनीच पहिल्यांदा समजलं. वरच्या अंगाच्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हळवं, कारण पाऊस संपायच्या आत ते घरात यायला हवं. खालच्या मळ्यात पाणी दिवाळीपर्यंत राहतं, तिथं गरवं. जुनी गरवी भातं दिवसाच्या लांबीवर चालतात: दिवस लहान व्हायला लागले की फुलतात, मग लावणी आठवडाभर पुढे-मागे झालेली असो. पाऊस उशिरा आला तरी ती वेळ सांभाळतात. एकाच वाडीत दोन-तीन उतारांची जमीन असते, म्हणून एका घरात दोन-तीन भातं असत. मूठभर जमिनीत इतके वाण हा छंद नव्हता, एक गेलं तर दुसरं हाती लागावं याची सोय होती.

हापूसची बाठ लावली तर हापूस का येत नाही?

पडवीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

आंब्याच्या गराचा आणि बाठ्याचा हिशेब वेगळा. गर आईच्या झाडाचा. बाठ्याच्या आत जो जीव असतो तो आई आणि बाप दोघांचा, आणि बाप कोण ते माशी जाणे. हापूसच्या स्वतःच्या दोन गुणसूत्रसंचांतही इतकी तफावत आहे की बाठा रुजला की पत्ते पिसले जातात. नवं झाड हापूसचं पोर असतं, हापूस नसतं. त्याचा आंबा बरा निघू शकतो, आंबट निघू शकतो, नुसता दोरखंडासारखा धागाही निघू शकतो.

म्हणून कलम. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या बाजूनं या किनाऱ्यावर चांगल्या आंब्यांची कलमं बांधण्याची रीत रुजली. हापूस हे नावही अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून आलं असं मानतात. तेव्हापासून काडीवर काडी चढत आली. आज वेंगुर्ल्यापासून पालघरपर्यंत उभा असलेला प्रत्येक हापूस हा खरं तर एकाच झाडाचा पसारा आहे. लाखो झाडं, पण जनुकांच्या हिशेबानं झाड एकच. क्वचित एखाद्या फांदीत बारीकसा बदल होतो, तेवढाच.

आता हापूसच्या कलमाचा बुंधा नीट पाहा. जमिनीपासून थोडं वर एक गाठ दिसेल. तिच्या खाली साल वेगळी, भेगांची ठेवण वेगळी. ते रायवळ, म्हणजे बाठ्यावरून वाढलेला गावठी आंबा. रायवळाचा बाठा रुजवून, कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवतात, त्याला कोय कलम म्हणतात. डोकं हापूसचं, पाय रायवळाचे. रायवळ "कामाचा नाही" म्हणून तोडणाऱ्यांना मी नेहमी त्या गाठीवर हात ठेवायला सांगतो.

काही बाठ्यांतून तीन-चार कोंब येतात, ते काय?

तो बहुगर्भी आंबा. त्यातला एखादा कोंब दोघांच्या मिलनाचा, बाकीचे आईच्याच पेशींतून आलेले, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. अशा जाती आग्नेय आशियात जास्त. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर काही आहेत, पण हापूस त्यातला नाही.

शेजारी रायवळ असेल तर हापूसची चव बिघडते का?

नाही. वर सांगितलं तेच: गर आईचा. नारळाचं मात्र तसं नाही हं. खोबरं हे बियाचंच अन्न, त्यात बापाचाही वाटा असतो. पण त्यासाठी कोणी शेजाऱ्याच्या माडाशी भांडल्याचं ऐकलं नाही. भांडणं होतात ती कुंपणापलीकडे पडलेल्या नारळावरून.

देवगड आणि रत्नागिरी हापूस या वेगळ्या जाती का?

जात एकच. कातळ, खारा वारा, रात्रीची थंडी, आणि बागायतदाराचा हात यांनी चवीत फरक पडतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर या पाचही जिल्ह्यांसाठी. चांगला कुठला, यावर मी लिहिणार नाही. मला दोन्हीकडे सोयरे आहेत.

सगळी झाडं एकच असतील तर बिघडलं कुठं? माल एकसारखा मिळतो की.

माल एकसारखा, आणि खोटही एकसारखी. हापूसमध्ये साका पडतो, म्हणजे बाहेरून फळ उत्तम आणि आत गर पांढरट, स्पंजासारखा. ही खोड एका झाडाची नाही, सगळ्यांची. एका आड एक वर्ष कमी फळ धरायचं, हीदेखील. क्लोनमध्ये, म्हणजे अशा हुबेहूब नकलेत, सुधारणा होत नाही, कारण नवे पत्ते वाटलेच जात नाहीत.

रोगाच्या बाबतीत हे जास्त महागात पडतं. आयर्लंडमध्ये गरिबांचं पोट लंपर नावाच्या एकाच बटाट्यावर होतं. बटाटा डोळ्यावरून लावतात, म्हणजे तोही क्लोन. १८४५ मध्ये करपा आला, तो एका झाडाला लागला तसा सगळ्यांना लागला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली. बियाण्यावरच्या पिकालाही हा धोका असतो. अमेरिकेत १९७० साली बहुतेक संकरित मक्यात आईकडून आलेला एकच पेशीद्रव प्रकार होता. करपा नेमका त्यावर घसरला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं.

केळ्याचं तर आणखी अवघड. आपण खातो त्या केळ्यात बी नसतं. बहुतेक जातींत गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि तीनची जोडी जुळत नाही. वसईची सुकेळी ज्याची होतात ती राजेळी असो की वेलची, पुढची पिढी येते ती मुनव्यातून, म्हणजे बुंध्याजवळ फुटणाऱ्या पिल्लातून. परदेशात निर्यातीचं ग्रो मिशेल हे केळं पनामा रोगानं विसाव्या शतकात बाजारातून उठलं, त्याची जागा कॅव्हेंडिशनं घेतली, आणि आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्या मागे लागला आहे.

हापूसवर उपाय म्हणून काही केलं गेलं का?

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली रत्ना आला. नियमित धरतो, साका पडत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ साली सिंधू आला, त्याचा बाठा इतका पातळ की तो शोधावा लागतो. दोन्ही आंबे चांगले आहेत. पण वाशीच्या बाजारात गिऱ्हाईक हापूस म्हणूनच हाक मारतं, त्यामुळे बागायतदार कलमं घेताना पुन्हा हापूसच घेतो. संशोधकांचं काम जिथं संपतं तिथून नावाचं वजन सुरू होतं.

आमच्याकडची कुठली पिकं मूळची इथली आणि कुठली पाहुणी?

कोकम, फणस, मिरी ही सह्याद्रीची घरची मंडळी. आजही घाटाच्या जंगलात ती आपापली उगवतात. मिरीचं पाहा: रानात बहुधा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो, परसातल्या वेलीत दोन्ही एकाच फुलात. एक वेल लावला तरी मिरी धरावी, म्हणून माणसानं नेमकं तेच उचललं. कुळीथ आणि वरी याही भारतातच माणसाळल्या.

नाचणी मात्र पूर्व आफ्रिकेतली. फार जुन्या काळी समुद्रमार्गे आली आणि अशी रुळली की तिला परकी म्हटलं तर लोक रागावतात. तिच्यात दोन वेगवेगळ्या गवतांचे पूर्ण संच एकत्र आलेले आहेत. त्यांतल्या एका बाजूचं जवळचं नातेवाईक गवत आपल्या अंगणात, रस्त्याच्या कडेला पायाखाली येतं. बोटांसारखा तुरा असतो, नाचणीचाच पण काटकुळा. पुढच्या वेळी पाय पडला की खाली बघा.

नारळाचं दोन ठिकाणी माणसाळणं झालं, एक प्रशांत महासागराच्या बाजूला आणि एक हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर. २०११ साली तेराशेहून अधिक माडांच्या डीएनएवरून हे दिसलं. आपला उंच बाणवली माड हिंदी महासागराच्या बाजूचा.

काजू, मिरची, अननस, पपई, पेरू, रताळं आणि डहाणू-घोलवडचा चिकू हे सगळे अमेरिकेतून आलेले. यातले बरेचसे पोर्तुगीजांच्या जहाजांतून. मिरचीशिवाय मालवणी मसाल्याची कल्पना करून पाहा.

काजू बाहेरून आला तर त्याचे वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४ असे इथले वाण कसे झाले?

काजू ब्राझीलहून सोळाव्या शतकात आला. गोणभर बियांतून आला असणार, म्हणजे मूळच्या विविधतेचा छोटासाच तुकडा इथं पोचला. पण तीन-चारशे वर्षं लोक तो बी टाकूनच लावत होते. परपरागीकरण होणारं झाड. प्रत्येक बीमध्ये नवी जुळणी. डोंगरउतारावर हजारो वेगवेगळी झाडं उभी राहिली: कोणाची बी बारीक, कोणाचं बोंड लाल, कोणी जानेवारीत मोहोरणारं. मग निवड करायला मुद्देमाल तयार झाला. वेंगुर्ला-१ हा जवळच्याच अणसूर गावच्या झाडातून निवडलेला. वेंगुर्ला-४ मध्ये एक बाजू बंगालची मिदनापूर रेड आणि दुसरी वेतोऱ्याची. कोणातरी वेतोरेकराच्या भरडावर उगवलेलं झाड आज किती बागांत आहे, हे त्या गावातल्या पोरांना शाळेत सांगायला हवं.

कोकमाची रोपं लावली, निम्म्यांना फळच नाही. रोपवाटिकेनं फसवलं का?

नाही. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियापासून रोपं केली की साधारण निम्मी नर निघतात. आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. मी स्वतः वहाळाच्या कडेला बारा रोपं लावली होती, घरचेच रातांबे (कोकमाची फळं) खाऊन टाकलेल्या बियांची. सातव्या वर्षी मोहोर आला. झाडाखाली उभा राहून एकेक फुल पाहत गेलो आणि मोजणी संपली तेव्हा सात नर, पाच मादी. बायको म्हणाली, सात वर्षं पाणी कोणाला घातलंस?

आता मादी झाडाची काडी घेऊन मृदकाष्ठ कलमं करतात. दापोलीच्या विद्यापीठानं निवडलेल्या कोकण अमृता आणि कोकण हातीस यांची कलमं मिळतात. हातीस हे रत्नागिरीजवळचं गाव. पण सगळीच मादी कलमं लावू नका, परागासाठी एखादा नर ठेवा. माझे सात नर अजून आहेत. एवढे नको आहेत हे मान्य, पण तोडवत नाहीत.

फणस कापा (घट्ट गऱ्यांचा) निघणार की बरका (मऊ गऱ्यांचा), आधी सांगता येतं का?

बियापासून लावलेल्याचं, नाही. आठळी रुजवली की वाट बघायची.

जया-रत्ना या सुधारित भातांनी आमची जुनी भातं संपवली, हे खरं का?

अर्धं खरं. १९६६ साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आयआर-८ दिलं. मागोमाग भारतात १९६८ साली जया आलं, १९७० च्या सुमारास रत्ना. झाड बुटकं, खत घातलं तरी लोळत नाही, दाणे जास्त. पोट भरलं, यात वाद नाही. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या त्यांना जुन्या वाणांचे गोडवे ऐकवू नयेत.

पण या सगळ्यांचा बुटकेपणा एकाच जनुकातून आला, तैवानच्या एका ठेंगण्या भातातून. आशियाभर तेच एक जनुक पसरलं. आणि बुटकं झाड म्हणजे आखूड पेंढा. गुरांना कमी वैरण, घर शाकारायला काही नाही, मुडी (धान्य साठवायचं पेंढ्याचं गाठोडं) बांधायला चांगला पेंढा नाही. उतारा मोजताना हे कोणी धरलं नाही.

उरलेलं अर्धं आपलं स्वतःचं. घरातले हात मुंबईला गेले, मळे पड पडले. बियाणं हे पेरलं तर जिवंत राहतं. कणगीत तीन पावसाळे राहिलेल्या भातातून कोंब येत नाही. आमच्या वाडीतून बेळा भात गेलं ते कुठल्या सुधारित जातीनं हाकललं म्हणून नव्हे. ज्या काकी ते लावत त्यांचे गुडघे गेले.

खारेपाटातल्या जमिनीत साधं भात जळतं. तिथं काय लावायचं?

खाजणात, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या शेतात, बांध फुटला की भरतीचं पाणी आत येतं आणि मीठ राहतं. अलिबाग-पेणच्या खारेपाटात आणि पुढे दक्षिणेपर्यंत खाड्यांच्या कडेला लोकांनी अशा जमिनीत टिकणारी लाल भातं राखली होती, त्यांना राता म्हणत. त्यांतूनच निवड करून काळा राता आणि भुरा राता हे वाण आले. नंतर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-१, २, ३ दिले.

क्षार सोसण्याची ताकद कुठून येते हे केरळच्या पोक्काली भातात नीट अभ्यासलं गेलं. त्याच्या पहिल्या गुणसूत्रावरचा एक तुकडा, सॉल्टॉल, मुळांतून वर चढणाऱ्या सोडियमला आवर घालतो. तशीच ओडिशातली एक जुनी जात पाण्याखाली दोन आठवडे राहून जगते. तिच्यातलं सब-१ हे जनुक स्वर्णा भातात उतरवून स्वर्णा सब-१ तयार झालं. यातल्या कोणत्याही गुणाचा शोध प्रयोगशाळेत लागलेला नाही. तो खाडीच्या आणि पुराच्या काठावर शेती करणाऱ्यांच्या कणगीत आधीच होता.

रानातल्या निरुपयोगी नातलगांचा कधी उपयोग झाला का?

एकदा झाला तो पुरेसा आहे. १९७० च्या दशकात आशियात भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू आला. तुडतुडे पसरवत. आंतरराष्ट्रीय संस्थेनं सहा हजारांवर नमुने तपासले, एकही टिकेना. शेवटी टिकलं ते उत्तर प्रदेशातून १९६३ साली गोळा केलेलं ओरायझा निवारा हे रानभात. निवार म्हणजे संस्कृतमधला आपला नीवार. त्याचा गुण घेऊन १९७६ साली आयआर-३६ आलं, आणि पुढच्या दशकात ते एक कोटी हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर होतं.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, त्या दिवशी न नांगरता उगवलेलं चालतं, ही रीत ज्या कोणी घातली त्याला रानभाताची किंमत कळत होती असं मला उगाच वाटतं. पुरावा काही नाही.

घरचं बियाणं राखायचं तर काय जपायचं?

आधी पीक आपलं लग्न कुठं लावतं ते ओळखा. भात, कुळीथ, नाचणी ही बहुतांशी स्वतःच्याच परागावर भागवतात. भातात परकं परागण शंभरात एखादंच. त्यामुळे दोन वाणांत बांधाचं अंतर असलं तरी चालतं, खरी काळजी खळं झाडून घेण्याची. कणसं निवडताना फक्त सर्वांत मोठी चार लोंबी घेऊ नका. शेताच्या मध्यातून, चाळीस-पन्नास वेगवेगळ्या झाडांवरून घ्या. जुना वाण एकसारखा दिसतो पण आतून मिश्र असतो, आणि ते मिश्रणच वाईट वर्षी वाचवतं. चारच लोंब्या घेतल्या तर दोन-तीन वर्षांत त्यातलं बरंचसं हरवतं.

चिबूड, काकडी, दुधी, कांदा यांचा संसार माश्यांच्या हातात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं बी धरताना जवळ लाल कांदा फुलला असेल तर पुढच्या वेणीत (कांद्यांच्या माळेत) लाल कांदे दिसणारच. साधारण किलोमीटरभर अंतर हवं, आणि लाल छटेचे कांदे बियाण्याला वापरायचेच नाहीत. त्या कांद्याला २०२१ साली मानांकन मिळालं. पण तो पांढरा राहिला तो कागदामुळे नाही, दर वर्षी बियाण्याचे कांदे हातात घेऊन पाहणाऱ्यांमुळे. कांद्याचं बी वर्षाच्या आत पेरा, ते टिकत नाही.

वाळवणं हा कोकणात अर्धा विजय. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. मग राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब.

संकरित भाताचं बी पुन्हा पेरलं तर?

उगवेल. पण एक उंच, एक बुटकं, एक आधी, एक मागाहून. कर्जतच्या सह्याद्रीसारखे संकरित वाण पहिल्याच पिढीत ताकद दाखवतात. दर वर्षी नवं बी घ्यावं लागतं.

आपलं बियाणं दुसऱ्याला विकलं तर कायदा आड येतो का?

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून, पाकीट करून विकता येत नाही, एवढीच अट. शेतकऱ्यांचे स्वतःचे वाणही या कायद्याखाली नोंदवता येतात.

सगळं बियाणं सरकारी बँकेत ठेवलं की काळजी मिटली, नाही का?

बँका हव्यातच. दिल्लीत राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्यूरो आहे, फिलिपिन्सच्या संस्थेत भाताचे एक लाख तीस हजारांच्या वर नमुने आहेत, नॉर्वेच्या बर्फात स्वालबार्डची तिजोरी २००८ पासून आहे. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून मोठी झाली तो रशियाचा निकोलाय वाविलोव्ह. पिकांची विविधता जगात ठरावीक प्रदेशांत दाटलेली आहे हे त्यानं १९२६ मध्ये मांडलं, आणि १९४३ मध्ये स्टॅलिनच्या तुरुंगात तो मेला. त्याच्या लेनिनग्राडच्या संस्थेतले काही सहकारी वेढ्याच्या काळात उपासमारीनं गेले, पण पोत्यांतल्या भाताला आणि डाळींना त्यांनी हात लावला नाही.

तरी एक गोष्ट बँकेत होत नाही. शीतपेटीतलं भात ज्या वर्षी ठेवलं त्या वर्षाचं राहतं. शेतातलं भात दर पावसाबरोबर थोडं बदलतं. गेल्या काही वर्षांत परतीचा पाऊस कापणीवर येतो. ज्या लोंब्यांतले दाणे उभ्या पिकात रुजले नाहीत त्या आपण बियाण्याला ठेवतो. हे फ्रीजमध्ये कोण करणार?

आमच्या घरामागे एक बिननावाचा रायवळ आहे. फार गोड. पण म्हातारा झालाय. काय करावं?

आधी त्याला नाव द्या. नाव नसलेलं झाड लवकर तुटतं. मग तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेली काडी निवडा. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटा. पावसाळ्याच्या तोंडी कोणाही कलम बांधणाऱ्याकडून दोन-तीन रोपांवर चढवून घ्या. एक स्वतः लावा, एक दुसऱ्याच्या परड्यात द्या. वीज पडली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत.

आणि त्याचे बाठेही लावा. कलमानं तो आहे तसा राहील, बाठ्यातून काय येईल ते कोणालाच माहीत नाही. आमच्या विहिरीकडच्या शेपू नावाच्या आंब्याची दोन कलमं झाली आणि म्हातारं झाड तीन वर्षांपूर्वी वादळात पडलं. कलमांना यंदा आंबे लागले, तोच शेपूचा वास. बाठ्यावरचं एक पोर कुंपणाला लागून वाढलं आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलंय. मोहोर अजून आलेला नाही.